हळदीकुंकवाचा जाहीरनामा

मला अध्यक्ष व्हायचं नाहीये, असं मी सगळ्यांना सांगत होते आणि ते साफ खोटं होतं. बर्मिंगहॅममध्ये तीस वर्षं जीपी म्हणून लोकांचे घसे बघितले, मग रिटायर झाले. घरी बसून नवऱ्याचा घसा बघायची वेळ आली, तेव्हा आमच्या मराठी मंडळाचं अध्यक्षपद मला एकदम आकर्षक वाटायला लागलं. नवरा म्हणाला, "राहा उभी. तुझं ऐकून घ्यायला निदान समोर हॉलभर माणसं तरी असतील." तोवर मनातल्या मनात मी भाषणाला सुरुवात केली होती.

मंडळात दोन पॅनेलं. एक पुन्हा उभ्या राहिलेल्या मावळत्या अध्यक्षांचं, म्हणजे जुन्या कन्सल्टंट डॉक्टरांचं. दुसरं आमचं. आमच्यात माझ्यासारखे चार-पाच जुनेच पण जुन्यांना कंटाळलेले लोक होते, आणि उरलेली सगळी 'डावी बाजू'. हे नाव त्यांना कोणी राजकारण वाचून दिलेलं नाही. गणपतीच्या जेवणात पुऱ्या, भाजी, मसालेभात ही मोठी खाती जुन्या मंडळींकडे असतात. नोकरीच्या व्हिसावर नव्याने आलेल्या सॉफ्टवेअरवाल्यांना काय, तर चटणी, कोशिंबीर आणि लिंबाच्या फोडी. ताटाची डावी बाजू. पण वर्षानुवर्षं एका कोपऱ्यात बसून काकड्या चोचवणाऱ्या माणसांच्या डोक्यात काय काय शिजतं, याचा विचार मसालेभातवाल्यांनी कधी केला नाही.

उमेदवार म्हणून त्यांनी मला का निवडलं? सरळ हिशोब होता. विचार त्यांच्याकडे होते, मतं माझ्याकडे. मंडळातल्या निम्म्या काकूंना मी खाजगीत 'काही नाही हो, गॅसेस आहेत' असं सांगून शांत झोपवलेलं आहे. असा विश्वास जाहीरनाम्याने मिळत नसतो.

डाव्या बाजूची पुढारी पुण्याची एक मुलगी. पस्तिशीची असेल. आधी ब्रॅकनेलच्या ऑफिसात होती, मग कंपनीने इकडे पाठवली. मला काकू म्हणायची, अहो-जाहो करायची, आल्या आल्या वाकून नमस्कार करायची, आणि मग माझ्याच सोफ्यावर बसून मला कात्रीत पकडायची. इतक्या अदबीने मला आयुष्यात कोणी धमकावलेलं नाही.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी दुपारी ती आठ जणांना घेऊन आली. मी पोहे केले होते. पोहे खाऊन झाल्यावर त्यांनी लॅपटॉप माझ्या टीव्हीला जोडला आणि पडद्यावर तीन मागण्या आल्या. पहिली, मुलांच्या नाटकात मुलांना त्यांच्या मराठीत बोलू द्यायचं, दुरुस्त करायचं नाही. मी लगेच हो म्हटलं. आमची लेक अजून फोनवर 'आई, तुझा मीटिंग कशी झाला?' असं विचारते, मी कोणाला काय दुरुस्त करणार? दुसरी, कार्यक्रमानंतरची भांडी पुरुषांनी घासायची. ती एकमताने मंजूर झाली, कारण पुरुष तेव्हा बाहेर गाड्यांच्या मायलेजवर बोलत उभे होते.

तिसऱ्या मागणीवर घोडं अडलं. आमचं संक्रांतीचं हळदीकुंकू म्हणजे मंडळाचा वर्षातला सगळ्यात भरगच्च कार्यक्रम. निमंत्रणावर अजून 'सर्व सुवासिनींना' असं छापतात. तिथे 'सर्व स्त्रियांना' असं छापायचं, आणि जी येईल तिला हळदीकुंकू लावायचं. नवरा असो, नसो, सोडलेला असो, केलाच नसो.

"काकू, एक शब्द तर बदलायचाय," पुढारी म्हणाली.

एक शब्द! अगं बाई, त्या एका शब्दावर माझी निम्मी मतं उभी होती.

आता इथे माझ्या मैत्रिणीबद्दल सांगायला हवं. आमच्या घरापासून चार घरं सोडून राहते. आमचे नवरे एकाच हॉस्पिटलात लागले, आम्ही एकाच हिवाळ्यात इथे आलो, पहिला बर्फ बघून दोघी एकाच वेळी रडलो. मंडळाचं हळदीकुंकू पंचवीस वर्षं तिनेच केलं. वाण काय द्यायचं, तिळाच्या वड्या किती, दारात अत्तर घेऊन कोण उभं राहणार, सगळं तिचं. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला. पुढच्या संक्रांतीला ती आपणहून आत गेली. आम्ही शाळेचा जो हॉल घेतो ना, त्याच्या किचनला भिंतीत एक खिडकी आहे, शाळेत मुलांना जेवण वाढायची. त्या खिडकीमागे उभी राहून ती बश्या भरत होती. तिला आत जा असं कोणीही म्हटलं नाही. बाहेर ये असंही कोणी म्हटलं नाही. मी करंडा घेऊन सगळ्यांना कुंकू लावत लावत त्या खिडकीपर्यंत गेले, तिला म्हटलं, "अजून दहा बश्या दे गं," आणि परत फिरले. डॉक्टर बाई! लोकांना बेधडक वाईट बातम्या देणारी!

तेव्हा तिसरी मागणी कोणासाठी आहे हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. मी म्हटलं, "आपण तिलाच विचारूया का?"

"नको काकू," पुढारी म्हणाली. "त्यांना ऑकवर्ड होईल. आणि हा प्रश्न एका व्यक्तीचा नाहीये, तत्त्वाचा आहे."

मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू! तिला विचारलं असतं, तर तिचं उत्तर ऐकावं लागलं असतं. मी म्हटलं, "बरोबर आहे. मागणी तत्त्वतः मान्य."

झालं! पुढचे तीन आठवडे त्या 'तत्त्वतः'ने माझं जगणं मुश्कील केलं. आमच्या पॅनेलचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप होता, त्यात मी होते. डाव्या बाजूचा दुसरा होता, त्यात मी नव्हते, आणि खरी चर्चा तिथे चालायची. तिथून ठराव होऊन माझ्याकडे यायचे. 'उमेदवारांनी तत्त्वतः या शब्दाचा खुलासा करावा.' 'खुलासा गुळमुळीत आहे, पुन्हा करावा.' एका पठ्ठ्याने मला संक्रांतीपर्यंतचा तक्ता पाठवला. त्यात माझं मतपरिवर्तन डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पूर्ण होणार होतं, आणि चौकोन आत्ताच पिवळा झाला होता.

इकडे जुन्या काकूंचे फोन. "तू असलं काही करणार नाहीस, हो ना?" मी म्हणायचे, "छे हो!" मग तिकडे 'हो' म्हणायचे. एकाच दिवशी 'हो' आणि 'छे हो' म्हणायला मला फक्त जागा बदलावी लागत होती, 'हो' दोन्हीकडे होतंच.

त्याच दिवसांत एकदा मी मैत्रिणीला घेऊन इंडियन दुकानात तीळ आणायला चालले होते. गाडीत ती अचानक म्हणाली, "यंदा चंद्रकळा नेसावी म्हणते. दोन वर्षं नुसती कपाटात लटकते आहे."

मी म्हटलं, "नेस की."

"ती पुण्याची मुलगी भेटली होती परवा लायब्ररीत. ती म्हणाली, तू निवडून आलीस की यंदा सगळ्यांना." इतकंच म्हणून ती खिडकीतून बाहेर बघायला लागली. सगळ्यांना काय, ते तिने म्हटलं नाही.

मी म्हटलं, "बघ ना, या राउंडअबाउटला कोणी सिग्नलच देत नाही." एकदा नाही, दोनदा म्हटलं.

मतदानाच्या आदल्या शनिवारी हॉलमध्ये दोन्ही उमेदवारांना प्रश्न विचारायचा कार्यक्रम होता. जुन्या पॅनेलच्या एका काकूंनी उभं राहून विचारलं, "तुम्ही आलात तर हळदीकुंकू कसं होणार, ते एकदा स्पष्ट सांगा."

मी स्पष्ट सांगितलं. परंपरेचा मान राखून, काळाची पावलं ओळखून, ज्येष्ठांच्या मार्गदर्शनाखाली, तरुणांच्या उत्साहाला वाव देऊन, सर्वांना बरोबर घेऊन. तिसऱ्या रांगेत माझा नवरा जांभई देत होता.

मागून पुढारी उठली. माझीच उमेदवारी सुचवणारी! "काकू, सॉरी हं. पण हो की नाही?"

"तत्त्वतः हो."

"आणि व्यवहारात?" मावळत्या अध्यक्षांनी शेजारच्या खुर्चीवरून विचारलं, आणि हॉल खदखदून हसला. तो माणूस आयुष्यभर हाडं जोडत आला होता. मोडायचं कुठे, तेही त्याला बरोबर ठाऊक होतं.

संध्याकाळी पाचच्या आत ठराव आला. डाव्या बाजूचा पाठिंबा आता सशर्त होता. व्यवहारात हो म्हणत नाही तोवर ते मतपत्रिका कोऱ्या टाकणार होते. माझं डोकंच फिरलं. पुढारीला फोन लावला आणि म्हटलं, "मग त्यांनाच आणा निवडून! लिंबंसुद्धा कापू देणार नाहीत तुम्हाला!" ती शांतपणे म्हणाली, "काकू, आम्ही तुमच्या बाजूनेच आहोत. म्हणून तर प्रेशर आणतोय. ते तर ऐकणारच नाहीत." माझ्या बाजूची माणसं इतकी बाजूला बसून माझं नरडं दाबत होती, आणि मला थँक्यू म्हणणं भाग होतं.

मग मला ती युक्ती सुचली. आजही लोक तिचं कौतुक करतात. 'सर्व सुवासिनींना' नको, 'सर्व स्त्रियांना'ही नको. मधला शब्दच काढून टाकला. 'सर्वांना सस्नेह निमंत्रण.' आणि हळदीकुंकवाच्या जागी 'तिळगूळ स्नेहमेळावा'. करंडाच आणायचा नाही. कोणालाच लावायचं नाही, म्हणजे भेदभावाचा प्रश्नच मिटला!

काय सांगू, दोन्हीकडून शाबासकी. डाव्या बाजूने 'ऐतिहासिक पाऊल' म्हणून भलामोठा मेसेज टाकला, आणि त्याखाली झेंडे, मुठी, टाळ्या. जुन्या काकूंचा फोन आला, "बरं केलंस, हळदीकुंकवाला हात लावला नाहीस. मंडळात नको तर नको, आम्ही आपापल्या घरी करू. आपली आपली माणसं बोलावू." मी बऱ्यापैकी मतांनी निवडून आले. नवऱ्याने केक आणला.

या सगळ्यात मैत्रिणीला मी काही सांगितलं नाही. निमंत्रण गेलंय, त्यात कळेल, असं स्वतःला समजावलं.

जानेवारीतल्या शनिवारी दुपारी हॉल गच्च भरला. पुरुषही आले, मुलं आली, कोणीतरी गिटार आणलं. मी नवी अध्यक्ष म्हणून पुढे टेबलापाशी उभी, तिळगूळ वाटत होते, आणि शेजारी फोटो काढणारा. किचनच्या खिडकीत भलतंच कोणीतरी बश्या भरत होतं. मी रांगेकडे बघितलं आणि मला ती दिसली. चंद्रकळा, काळीभोर, नीट निऱ्या काढून. केसात छोटासा गजरा, कुठून मिळवला होता या थंडीत कोण जाणे. आणि दोन भुवयांच्या मध्ये काहीच नाही, स्वच्छ. आज सगळ्यांना लावणार, म्हणून जागा मोकळी ठेवून आली होती.

ती पुढे आली. टेबलावर नजर फिरवली. तिळाच्या वड्या, कागदी नॅपकिन, सॅनिटायझरची बाटली.

"करंडा कुठाय?" तिने विचारलं.

मी तिचा हात हातात घेतला, त्यावर वडी ठेवली आणि भाषणात म्हणते त्या आवाजात म्हटलं, "अगं, यंदापासून कोणालाच नाही. सगळ्या सारख्या."

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. तोंडाकडे नाही, जरा वर. सकाळी आरशासमोर उभं राहून मी चांगली ठसठशीत टिकली लावली होती, हे मला तेव्हा कळलं. मागे रांगेतल्या काकूंच्या कपाळांवर कुंकू होतं, पुढारीच्याही होतं. सगळ्या घरून लावूनच आल्या होत्या. माझ्या पर्समध्ये टिकल्यांचं आख्खं पाकीट होतं. पर्स टेबलाखाली होती. वाकायचं होतं फक्त.

"म्हणजे मला लावायला लागू नये म्हणून," ती हळूच म्हणाली, "तुम्ही सगळ्यांचंच पुसलंत."

मला इतकी लाज वाटली की मी तिचा हात घट्ट धरून ठेवला. फोटो काढणारा म्हणाला, "मस्त! असंच राहा."

तो फोटो निघेपर्यंत तीही थांबली. मग म्हणाली, "सोड आता. मागे रांग आहे."

मी हात सोडला.