दिंडोरी रोडवरचा काळा-पांढरा चेहरा

नोकरीतल्या चोऱ्या, मारामाऱ्या आता एकमेकांत मिसळून गेल्या आहेत. कोणता पंचनामा कुठल्या गुन्ह्याचा, हे सांगताना मी अडखळते. एका भिंतीचं प्रकरण मात्र जसंच्या तसं लक्षात राहिलं आहे.

आज नाशिकमध्ये भिंतींवर चेहरे रंगवणारी जी मुलं दिसतात, ती सगळी एका मुलीला आपली पहिली मानतात. तिचं नाव इथे देत नाही. तिची आज दुसऱ्या राज्यांत कामं आहेत. पण त्या वर्षी तिचं पुढचं सगळं आयुष्य माझ्या टेबलावरच्या एका तक्रार अर्जावर अडलेलं होतं. गुन्हा दाखल झाला असता तर तिच्या कामाला तिथेच कुलूप लागलं असतं.

तेव्हा मी शहरातल्या एका पोलीस ठाण्याची निरीक्षक होते. सकाळची हजेरी संपत होती तेवढ्यात आवारात एक जीप येऊन थांबली. कळवणकडची माणसं होती. बायकांचे डोळे रडून सुजलेले, पुरुषांच्या डोक्यावर पांढऱ्या टोप्या. ठाणे अंमलदाराला वाटलं, अपघाती मृत्यूची खबर द्यायला आलेत. त्यानं विचारलं, कोण गेलं? त्यावर त्यांच्यातला एक जण रागानं म्हणाला, "कोणीच नाय गेलं. तेच तर सांगाया आलोय."

हकिगत अशी होती. त्यांची एक मावशी दिंडोरी नाक्याजवळ भाजी विकायची. दोन दिवसांपूर्वी दिंडोरी रोडवरच्या एका बंद गोदामाच्या भिंतीवर तिचा चेहरा उमटला. दोन माणसांच्या उंचीचा आणि पूर्ण काळा-पांढरा. आपल्याकडे माणूस जिवंत असेल तर त्याचा वाढदिवसाचा फलक लागतो, तो रंगीबेरंगी असतो. माणूस गेला की फोटो काळा-पांढरा होतो आणि खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' येते. भिंतीवर अक्षर एकही नव्हतं, पण पाहणाऱ्यांनी ते मनातच वाचलं. गावाकडच्या कुणीतरी एसटीच्या खिडकीतून फोटो काढला, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला आणि खाली हात जोडले. हे लोक जीप करून मातीला आले, तर मावशी दारात मेथी निवडत बसलेली. तिचा थोरला भाऊ मात्र बातमी ऐकून छातीत कळ येऊन कळवणच्या दवाखान्यात दाखल झाला होता.

अर्ज मावशीच्या मुलानं दिला. तो एका सोसायटीत कारकून होता, अक्षर चांगलं होतं. आरोपीचा शोध घेऊन कडक कारवाई करावी आणि भिंत त्वरित पुसावी, असं लिहिलं होतं. "मामाला काही झालं असतं तर मॅडम, जबाबदार कोण?" त्यानं विचारलं. प्रश्न रास्त होता.

असे चेहरे आधी दोन आले होते. एक नाशिकरोडकडे, रखवालदाराचा. तो भातलावणीला सुरगाण्याला गेलेला असल्यामुळे बोंब झाली नव्हती. कुणीतरी त्याला हार मात्र घालून ठेवला होता. दुसरा एका रिक्षावाल्याचा. तो स्वतःच्या चेहऱ्याखाली रिक्षा लावून लोकांना बोलवायचा, "बघा, वरून आलोय." त्याची काही तक्रार नव्हती. या तिसऱ्या चेहऱ्यानं मात्र माणूस दवाखान्यात गेला होता, त्यामुळे दुर्लक्ष करून चालणार नव्हतं.

आम्ही रात्रीची गस्त वाढवली. असली कामं अंधारात होतात, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. हाती काही लागलं नाही. मग बीटच्या हवालदारांनी गोदामासमोरच्या इस्त्रीवाल्याला बोलतं केलं. तो सहज म्हणाला, "ती होय? दुपारी करायची की. मीच पाणी द्यायचो प्यायला." नारिंगी जाकीट, शिडी, बादल्या, तोंडाला रुमाल. कॉर्पोरेशनची वाटली म्हणून त्यानं काही विचारलं नाही. रस्त्यावरून दिवसभर माणसं गेली, आमची गाडीही गेली असणार. शिडीवर चढलेल्या माणसाला आपल्याकडे कुणी काही विचारत नाही, ही गोष्ट चोरांनाही ठाऊक असते.

म्हणजे एक मुलगी होती, एवढं कळलं. कोण, ते कळेना. मी तिन्ही भिंतींचे फोटो टेबलावर शेजारी शेजारी ठेवून बघत बसले. तिघंही समोर बघत होते, हसत नव्हते. आणि तिघांचेही दोन्ही कान दिसत होते. मी मावशीच्या चेहऱ्यावर थांबले. त्या वयाची, त्या भागातली बाई डोक्यावरचा पदर कानामागे सारून चारचौघांत बसत नाही. तसं बसायला तिला एकच माणूस सांगतो, ओळखपत्राचा फोटो काढणारा. मुलाला फोन केला. आईनं अलीकडे फोटो कुठे काढला होता? फेरीवाल्यांच्या कार्डासाठी, नाक्यावरच्या स्टुडिओत. रिक्षावाल्याला विचारलं. तोच स्टुडिओ.

मी आणि एक महिला शिपाई साध्या वेशात गेलो. दुकान अरुंद होतं. मालक गिऱ्हाइकाची हनुवटी सरळ करत होता, त्याची भाची संगणकावर बसली होती. वय तेवीस-चोवीस. नखांच्या कडांत काळा रंग, पाठीमागे खिळ्याला नारिंगी जाकीट. मी नुसतं जाकिटाकडे पाहिलं. तिनं माऊस बाजूला ठेवला आणि म्हणाली, "मामा, मी जाऊन येते."

ठाण्यात तिनं काहीच नाकारलं नाही. खोटं बोलणाऱ्याला मी चहा देत नाही, तिला दिला. का केलंस, विचारल्यावर ती म्हणाली, "रोज इतके चेहरे येतात मॅडम. मी त्यांच्यामागची भिंत पुसते, पांढरं करते, दोन बोटांएवढे छापते. माणूस घेऊन जातो आणि मी फाइल पुसून टाकते. एखादा तरी मोठा करून बघावा, असं वाटलं." आधी खोलीतल्या भिंतीवर करून पाहिलं, मग बाहेर. रंग महाग म्हणून काळा आणि पांढरा. पुढे तेच आवडायला लागलं.

मग तिनं जी गोष्ट सांगितली, ती मला आधीच माहीत असायला हवी होती, कारण तो कागद आमच्याच ठाण्यात होता. उड्डाणपुलाचे खांब रंगवायला चित्रकार निवडले होते, त्यांत ती होती. शहरातलं तसलं ते पहिलंच काम. त्यासाठी पोलिसांचा चारित्र्याचा दाखला लागणार होता आणि तिचा तो अर्ज आमच्याकडे आलेला होता. "गुन्हा झाला तर खांब जातील," ती म्हणाली. "आणि पुन्हा कोणी भिंत देणार नाही." रडली नाही, हे मला बरं वाटलं. रडणाऱ्या माणसाचा जबाब घ्यायला दुप्पट वेळ लागतो.

मालमत्ता विद्रूप केल्याचा कायदा आहे आणि भिंत दुसऱ्याची होती. म्हणून गोदामाच्या मालकाला फोन लावला. सटाण्याचा कांद्याचा व्यापारी. तो म्हणाला, "मॅडम, त्या भिंतीवर मी देवांच्या फरशा लावल्या, पाट्या लावल्या, तरी लोकं तिथंच उभी राहायची. ही बाई आल्यापासून एकानं हिंमत केली नाही. तिला पुसू नका." त्यानं तसं लेखीही पाठवलं. राहिला मावशीच्या मुलाचा अर्ज.

तो मागे घ्यायला तयार नव्हता. मी म्हटलं, आईला घेऊन या, त्यांचा जबाब व्हायचा आहे. त्याला ते पटलं नाही. आईला कशाला ठाण्यात, मी सांगतोय ना सगळं. मी म्हटलं, चेहरा तुमचा नाही.

दुसऱ्या दिवशी मुलाबरोबर मावशी आली, चित्र काढणाऱ्या मुलीलाही मी बोलावून घेतलं होतं. लहान चणीची बाई, पिशवीत माझ्यासाठी कोथिंबिरीची जुडी. ती मी परत केली, तर तिनं शिपायाच्या टेबलावर ठेवली. भावाची तब्येत सुधारायला लागली होती, त्याच्याशी मोबाइलवर समोरासमोर बोलून तिनं त्याला झापलं होतं. "खोट्या मरणानं आयुष्य वाढतं म्हणते त्याला. माझं वाढलं, तू कशाला घाबरतो."

मी विचारलं, "मावशी, तुमची तक्रार काय आहे?"

ती मुलाकडे न बघता म्हणाली, "मला कोणी इचारलंच नाय."

मुलगी पुढे झाली. "चुकलं आजी. मी पुसून टाकते."

"पुसायला कुठं सांगितलं? नाक लय झ्याक आलंय." मग तिनं खुर्चीवर बूड टेकवलं. "फोटो काढला तवा माझं लुगडं हिरवं होतं. राखेच्या रंगाचं कशापायी केलं? तेवढं हिरवं कर. मंग कोणी जीप करून येणार नाय."

मला वाटलं, प्रश्न मिटला. पण मुलीला ते मान्य नव्हतं. दाखला माझ्या सहीवर होता, समोर फिर्यादी बसलेला, आणि ही खाली मान घालून म्हणते, "आजी, मी रंग वापरत नाही. काळं-पांढरं हीच माझी पद्धत आहे."

"मंग ती पद्धत तुझ्या तोंडावर वापर. हे तोंड माझं हाय."

महिला शिपाई हसली, मी तिच्याकडे पाहिल्यावर थांबली. मुलीला मी काही सांगितलं नाही. असल्या वेळी अधिकारी बोलला की माणूस हो म्हणतो आणि मनातून फिरतो. तिनं जवळ जाऊन मावशीचा पदर निरखला. मग तिनं विचारलं, "कुठला हिरवा? पोपटी की गडद?"

"शेपूसारखा," मावशी म्हणाली.

मुलानं अर्ज मागे घेतल्याचं लिहून दिलं. मुलीकडून परवानगीशिवाय भिंतीला हात लावणार नाही असा जबाब घेतला, स्टेशन डायरीला नोंद केली आणि दाखल्यावर सही केली. दोन दुपारी मावशी भाजीची टोपली समोर ठेवून इस्त्रीवाल्याच्या सावलीत बसली आणि हिरवा रंग कमीजास्त करायला लावत राहिली. पूर्ण झाल्यावर कळवणची जीप पुन्हा आली, या वेळी फोटो काढायला.

आज त्या मुलीची ओळख हीच आहे. काळा-पांढरा चेहरा आणि त्यात एकच रंग. वर्तमानपत्रांत त्या एका रंगाबद्दल बरंच गंभीर लिहून येतं. मी वाचते आणि मला शेपू आठवतो.

या प्रकरणानं मला कामाची एक पद्धत दिली. चित्र काढणारीनं मावशीला विचारलं नव्हतं आणि तिच्या वतीनं तक्रार करणाऱ्या मुलानंही विचारलं नव्हतं. दोघांना तिच्याबद्दल आपुलकी होती, तरीही. त्यानंतर कलम शोधण्याआधी, ज्याचं नुकसान झालं त्याला समोर बसवून नेमकं काय हवंय हे मी विचारत गेले. बऱ्याचदा अर्जात लिहिलेलं नसायचं असंच काहीतरी निघायचं.

मी स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर ती मुलगी माझ्या घरी आली होती. आता ती प्रत्येकाला आधी विचारते, रंगही त्यालाच निवडू देते. मलाही विचारलं, ठाण्याजवळची भिंत मिळतेय, तुमचा चेहरा काढू का? मी नाही म्हणाले. "बरं मॅडम," म्हणाली, चहा प्यायली आणि गेली. पुन्हा विषय काढला नाही. गुन्हा दाखल केला असता तर ती एवढं शिकली असती, असं मला वाटत नाही.