कॅप्टनसाहेबांचा तंबाखूचा डबा

नेरूळच्या त्या सोसायटीत गंगाराम सकपाळ कुठे राहतात असं विचारलंत, तर वॉचमन डोकं खाजवेल. ‘जहाजवाले बाबा’ म्हणा, तो थेट दारापर्यंत आणून सोडेल. गंगारामांनी अख्खी नोकरी मालवाहू जहाजांवर स्वयंपाकी म्हणून काढली. सगळं जग पाहिलं, पण पोटातून पाहिलं. ब्राझीलचं नाव काढा, हे केळ्यांवर बोलणार. जपानचं काढा, भातावर. आणि बोलायला लागले की समोरच्याचा चहा थंड होईस्तोवर थांबायचे नाहीत. स्वयंपाकघरातली कसलीही अडचण सांगा, त्यांच्याकडे जहाजावरचा उपाय तयार! ह्या उपायांपायीच त्यांची पुरती फजिती झाली.

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी कॅप्टन राजाध्यक्षांचा ठाण्याहून फोन आला.

“गंगाराम, रविवारी ऐंशी पूर्ण होतायत. जेवायला येतो. डबा आहे ना?”

“आहे साहेब. आहे तिथेच आहे,” गंगाराम म्हणाले, आणि फोन ठेवून उगाचच नव्या बनियनसाठी कपाट धुंडाळायला लागले. इतका आनंद झाला होता माणसाला.

ह्या डब्याची गोष्ट सांगायची तर जरा मागे जायला हवं. गंगाराम पहिल्यांदा बोटीवर चढले तेव्हा खलाशांतल्या काही जणांनी त्यांचं गाव विचारलं, आडनाव विचारलं, वाडी कुठली तेही विचारलं. मग पोट बरं नसल्याचं सांगत एकेक जण ताट सरकवायला लागला. कॅप्टनच्या कानावर गेलं. साहेब खाली गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, उतरले, बटाटे सोलायच्या बाकड्यावर बसले आणि म्हणाले, “वाढ रे.” दोनदा भात मागून घेतला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांची पोटं बरी झाली!

तेव्हापासून दोघांचं जमलं. संध्याकाळी जेवणं उरकली की साहेब गॅलीमागे येऊन पाइप पेटवायचे. पुढे त्यांनी आपला एक जुना पाइप गंगारामांनाही दिला. दोघं धूर काढत समुद्राकडे बघत बसायचे. फार बोलायचेही नाहीत, आणि गंगाराम गप्प बसायचे ती दिवसातली तेवढीच वेळ.

निवृत्तीनंतर साहेबांच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टरांनी पाइप बंद केला. तेव्हा ते अर्धा भरलेला तंबाखूचा डबा आणि आपला पाइप घेऊन नेरूळला आले.

“घरी ठेवला तर ओढणार. तू सांभाळ. ऐंशी गाठली तर इथे येऊन दोघं एकेक पाइप ओढू. तोवर तूही हात लावायचा नाहीस.”

गंगारामांनी मान डोलावली. डबा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर, तांदळाच्या पिंपामागे गेला. ते स्वतःही त्या दिवसापासून ओढायचे थांबले. बायको चांगुणाबाई तर कॅप्टनला दुवा देत होती.

तर फोन आला आणि गंगारामांनी स्टुलावर चढून डबा काढला. झाकण उघडलं. वास तोच, व्हॅनिलाचा आणि लाकडाचा, पण तंबाखू? वाळून भुसा झालेली! चिमटीत घेतली तर बोटांमध्ये पीठ.

दुसरा कोणी घाबरला असता. गंगाराम हसले. जहाजावर ब्राउन शुगर दगडासारखी व्हायची तेव्हा ते डब्यात पावाची स्लाइस टाकून ठेवायचे. सकाळी साखर मऊ. इथेही त्यांनी पावाची एक जाड स्लाइस टाकली, झाकण घट्ट दाबलं आणि वर चांगुणाबाईला ऐकवलं, “ह्याला म्हणतात अनुभव.”

शुक्रवारी अनुभव उघडला. पावाला हिरवी लव आली होती आणि तंबाखूवर कापसासारखी पांढरी बुरशी पसरली होती. व्हॅनिलाच्या जागी ओल्या गोणपाटाचा वास.

गंगारामांच्या तोंडचं पाणी पळालं. ते खुर्चीत बसले ते बसलेच. ज्या माणसाने आपल्या हातचा भात दोनदा मागून घेतला, त्याने एक वस्तू सांभाळायला दिली आणि तिची आपण अशी माती केली! रविवारी कुठल्या तोंडाने समोर उभं राहायचं?

“अवो, असं काय करताव? मानूस गेल्यासारकं!” चांगुणाबाई डबा नाकाशी नेत म्हणाली. “तंबाकूच हाय ना? आमच्या मशेरीला कदी बुरशी लागल्याली बगितलीव? तव्यावर भाजली का सगला किडा-बुरशी खलास.”

चांगुणाबाई लहानपणापासून मशेरीने दात घासत आलेली. तंबाखू भाजण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिने पाव फेकला, वरची बुरशी चमच्याने काढली आणि उरलेली तंबाखू भाकरीच्या तव्यावर ओतून गॅस मोठा केला. गंगारामही बाजूला उभे राहिले, कारण बुडत्या माणसाला तवाही चालतो.

पण पाइपच्या त्या तंबाखूला साखरेचा पाक दिलेला होता. ती अशी काही धुमसली म्हणता! आधी केकचा वास, मग जळक्या केकचा, मग टायर जळाल्यासारखा. धूर खिडकीतून वर गेला. वरच्या मजल्यावरून राजेश्वरीबाईंनी खोकत हाक मारली, “सकपाळ, बर्थडे आहे की आग लागलीय?” सोसायटीच्या ग्रुपवर ‘सगळ्यांनी गॅस चेक करा’ असा मेसेज आला आणि सेक्रेटरी आग विझवायचं लाल सिलिंडर खांद्यावर घेऊन दारात हजर. त्याला चहा पाजून परत पाठवावं लागलं.

सून सोनम हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला. ती घरी आली, तव्याकडे पाहिलं, सासू-सासऱ्यांकडे पाहिलं आणि पर्स न ठेवताच म्हणाली, “बाबा, बुरशी भाजून जात नाही. वरची काढली तरी आत असतेच. ऐंशी वर्षांच्या हार्ट पेशंटच्या छातीत हे घालणार तुम्ही? आणि आई, ही तुमच्या मशेरीच्या डब्यात पण जाणार नाही. मी बघतेय.”

चांगुणाबाईने चमचा मागे घेतला. तव्यावरचं सगळं पिशवीत बांधून कचऱ्यात गेलं. रिकामा डबा गंगारामांनी गरम पाण्याने घासला, तीनदा घासला, आणि गॅलरीत उन्हात ठेवला. आतून तो नवा दिसत होता. तेच बघवत नव्हतं.

शनिवारी ते जुईनगरच्या एका पानवाल्याकडे गेले आणि पाइपच्या तंबाखूचं पाकीट घेऊन आले. विचार सरळ होता. नवी तंबाखू जुन्या डब्यात ओतायची, साहेबांना काय कळतंय? घरी येऊन त्यांनी ओतायलाही घेतली. मग हात थांबला. साहेबांनी त्यांना एकदाही फसवलं नव्हतं. शिळ्या माशाला ताजा म्हणणाऱ्या जहाजावरच्या कोठीवाल्याला गंगारामांनीच एकदा गॅलीबाहेर काढलं होतं. आता आपण तेच करायचं? त्यांनी पाकीट बंद करून रिकाम्या डब्याशेजारी ठेवलं आणि रात्रीचं जेवण अर्धवट टाकून उठले.

रविवारी साहेब आले. हातात काठी, अंगाने निम्मे झालेले, पण आवाज तोच. बाबासाहेबांच्या फोटोला हात जोडून ते ताटावर बसले आणि सुरमई बघून म्हणाले, “वाढ रे.” भात दोनदा मागून घेतला. गंगाराम ताटातला भात नुसता कालवत राहिले.

जेवणं झाली. साहेबांनी खिशातून काडेपेटी काढून समोर ठेवली.

“आण.”

गंगारामांनी रिकामा डबा, पाइप आणि नवं पाकीट आणून मांडलं, आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. वाळलेली तंबाखू, पाव, बुरशी, तवा, सेक्रेटरी. शेवटी म्हणाले, “साहेब, एकच काम दिलंत. तेही धड झालं नाही माझ्याच्याने. शरम वाटते मला.”

साहेबांनी डबा उचलून आत पाहिलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. “पाव? तंबाखूत पाव घातलास?” ते इतके हसले की सोनम धावत पाणी घेऊन आली. पाणी पिऊन त्यांनी डोळे पुसले. पुसलेले डोळे पुन्हा भरले, आणि आता ते हसत नव्हते.

“गंगाराम, तलफ आली की मी स्वतःला सांगायचो, तंबाखू संपलेली नाही, गंगारामकडे आहे. मग दुकानाकडे पाय वळायचे नाहीत. बायको गेली ना, तेराव्या दिवशी संध्याकाळी मी टॅक्सी करून इथे आलो होतो. डबा परत मागायला. खाली उभा राहिलो. वर तुझ्या खिडकीत दिवा होता, तुझी बडबड रस्त्यापर्यंत ऐकू येत होती. म्हटलं, आहे. डबा आहे, माणूसही आहे. आणि तसाच मागे फिरलो.”

“वर का नाही आलात?” गंगारामांनी विचारलं.

“आलो असतो तर तू दिला असतास. आणि मी ओढला असता.”

गंगाराम खालीच बसले, साहेबांच्या पायाशी, आणि लहान मुलासारखे रडले. चांगुणाबाईनेही पदर डोळ्यांना लावला. “पोरांनो, रडता काय? मी मेलेलो नाही अजून,” साहेब म्हणाले आणि काडेपेटी परत खिशात टाकली. “ते पाकीट पानवाल्याला परत कर. आणि डब्याला झाकण लाव.”

“रिकामाच?”

“मला ठाण्याहून कुठे दिसतंय आत काय आहे ते? ठेव वर, तांदळामागे. नव्वदीला येतो.”

गंगारामांनी नाक पुसलं, झाकण घट्ट दाबलं, डबा पिशवीत घालून दोन गाठी मारल्या आणि स्टूल ओढलं.

“आनि ह्या येलेला,” खालून स्टूल धरत चांगुणाबाई म्हणाली, “त्यात पाव घालू नका.”