आईच्या नावाची खिरापत

नलूमावशींनी भुलाबाईची खिरापत स्वतःच्या नावावर कधी आणली नाही. मुलींच्या बालगृहाच्या दारातूनच त्या सांगायच्या, "आज नंदाच्या मायची हाये." नंदाची आई जाऊन चार वर्षं झाली होती.

भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत आमच्या वऱ्हाडात भुलाबाई बसते. मुली संध्याकाळी गाणी म्हणतात. रोज एकीची आई झाकलेल्या डब्यात खिरापत देते आणि बाकीच्यांनी डबा हलवून आत काय आहे ते ओळखायचं. दर्यापूर रस्त्यावरच्या त्या बालगृहात आया कुठून आणायच्या? म्हणून राजापेठेतल्या नलूमावशी डबा घेऊन निघायच्या आणि शिकवण्या आटोपून मी त्यांना माझ्या स्कूटीवर न्यायची. वाटेत माझं डोकं खायच्या. मी फार बारीक झाले आहे, स्कूटी फार जोरात चालवते आणि बोलते तर त्याहून जोरात, असं त्यांचं मत होतं.

कुणाच्या आईच्या नावानं काय करायचं, हे त्या मुलींना विचारून ठरवत असतील, असं मी धरून चालले होते. एकदा त्यांच्या घरी लवकर पोचले तर त्या डाव्या हातानं पुऱ्या लाटत होत्या. एरवी त्यांचा डावा हात साधं भांडंसुद्धा नीट धरत नसे. संध्याकाळी नंदानं पुरी हातात घेतली, तिचा वाकडा काठ पाहिला आणि सहज म्हणाली, "माही माय डावरी होती."

परतताना विचारलं, तर मावशी चिडल्या. "मले काय पुसतं? माय गेली तरी हाताची चव जात नाही. तो हात कुठं तरी टेकतेच."

गौरीची पाळी मात्र कधी यायची नाही. अकोल्याच्या बस स्टँडवर "आलीच" म्हणून तिची आई गेली, ती परतली नाही. गौरी तेव्हा पाच वर्षांची होती, आता नऊची. दर संध्याकाळी ती डब्याकडे आधी बघायची, मग मावशींच्या तोंडाकडे. दुसरीचं नाव ऐकलं की भिंतीशी जाऊन बसायची. त्या वर्षी तर तिनं गाणी म्हणणंही सोडलं. मला ते बघवेना. एक लाडू तिच्या आईच्या नावानं केला तर काय बिघडतं, असं मी मावशींशी भांडलेच.

"जितीची खिरापत मी काहून करू?" त्या शांतपणे म्हणाल्या. "तिनं येऊन करावं."

मला ते निष्ठुर वाटलं. तरी त्या दिवसापासून मी गौरीला खिरापत मिळू दे असं मनातसुद्धा म्हणायला भ्यायचे.

कोजागिरीला मावशी स्कूटीवर अवाक्षर बोलल्या नाहीत. मुली भुलाबाईपुढं बसल्या होत्या. मावशींनी डबा मांडीवर घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आज गौरीच्या मायची."

मुलींनी टाळ्या पिटल्या. माझे हात उचललेच नाहीत.

गौरीनं डबा हलवला नाही. नुसता नाकाशी धरला. "गुळाची पोळी," ती म्हणाली, "एका बाजूनं करपलेली. माय नेहमी करपवे."

झाकण काढलं. तशीच होती. ज्या बाईच्या हातची पोळी साऱ्या राजापेठेत नावाजलेली, तिनं ती करपवली होती.

गौरीनं सगळ्यांना तुकडा तुकडा वाटला आणि करपलेला भाग स्वतः खाल्ला. इतकं आनंदात मी तिला कधी पाहिलं नव्हतं. मी मावशींजवळ सरकून हळूच विचारलं, "केव्हा?"

"सकाळी कणीक मळाले बसली तवा समजलं." त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "तू बोलू नको. आज तिची माय आली, एवढंच राहू दे."

तेवढ्यात गौरी धावत आली आणि मावशींच्या गळ्यात पडली. "मावशी, माय आता पुढच्या वर्षीबी करन ना?"

मावशी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या.

"करन माय," त्या म्हणाल्या. "आता दरवर्षी करन."