मैत्रेयीची न दिसलेली सेमीफायनल

"…मग इथे कोण दाखवतंय, त्यांचं नाव सांगा. मी त्यांचे पैसे भरते!"

कॉल माझ्याकडे ट्रान्सफर झाला तेव्हा बाईंचं बोलणं असं मध्यावर होतं. कस्टमर केअरची मुलगी एवढंच म्हणाली होती, "सर, मराठी लेडी आहे, ऐकतच नाही."

मी दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या एका स्ट्रीमिंग कंपनीत राइट्स बघतो. सामना दाखवायचा हक्क देशागणिक वेगळा विकला जातो. जिथला हक्क आपला नाही, तिथे स्क्रीन काळी ठेवायची. याला ब्लॅकआउट म्हणतात. तो माझ्या टेबलावरून लागतो.

बाई म्हणजे सुनंदा बेंद्रे. शारजात डबे पुरवतात. मुलगी मैत्रेयी तिथेच वाढली, क्रिकेटसाठी पुण्याला मामाकडे गेली, आणि त्या सकाळी राज्याच्या संघाकडून सेमीफायनल खेळत होती. आमच्या ॲपवर सामना सिंगापूरला दिसत होता. यूएईत काळा पडदा.

"मॅडम, रीजनल रिस्ट्रिक्शन आहे. आमच्या हातात नसतं."

"मॅडम नको हो, ताई म्हणा." मागे कुकरची शिट्टी झाली. "इथे व्हॉट्सॲपचा कॉल लागत नाही, म्हणून माझा भाऊ टीव्हीसमोर बसून व्हॉइस नोट पाठवतोय. आत्ताची ऐकली, 'ताई, गेला, गेला!' बॉल बाउंड्रीला गेला की कॅच हातात गेला, काय समजायचं माणसानं?"

मला हसू आलं. त्यांना आलं नाही.

"भाचा म्हणतो, आत्या, व्हीपीएन टाक. मी म्हटलं, माझ्याच मुलीचा सामना मी चोरून का बघू? तुम्ही फक्त दाखवणाऱ्याचं नाव सांगा."

"बघतो," म्हणून मी फोन ठेवला.

नाव नव्हतंच. यूएईचा हक्क आयोजकांनी वेगळा विकायला राखून ठेवला होता आणि तो कुणी घेतलाच नव्हता. अशा वेळी आयोजकांना मेल करून त्या सामन्यापुरती परवानगी मागता येते. मी कधीच मागितली नव्हती. हक्क नसताना दाखवलं तर कंपनीला दंड बसतो. काळा पडदा दाखवला तर फक्त तक्रारी येतात, आणि तक्रारींना एक ठरलेलं उत्तर असतं. ते उत्तर मीच लिहून दिलंय. हे मी आजवर घरीसुद्धा बोललेलो नाही.

उठून बॉसच्या केबिनमध्ये गेलो. नादिया बैरूतची, फुटबॉलवेडी.

"कुणीच दाखवत नाही? मग आपण कुणाचं नुकसान वाचवतोय?" ती म्हणाली.

"परवानगी मागावी लागेल."

"खलास, विषय संपला, माग. फार तर नाही म्हणतील." मग चष्म्यावरून बघत, "आधी का नाही मागितलीस, हबीबी?"

मी जागेवर येऊन मेल लिहायला घेतला.

मुंबईहून आयोजकांचं उत्तर आलं तोवर सामना संपला होता. एकच ओळ. फायनलसकट पुढचे सामने खुशाल उघडा, तिकडे कुणी घेणारच नाहीये.

मी ताईंना फोन केला. त्याच आधी बोलल्या. मैत्रेयीने सेंच्युरी मारून सामना जिंकून दिला होता. त्यांनी ती सगळी ऐकली होती, ओव्हरला एक व्हॉइस नोट याप्रमाणे.

"ताई, फायनल दिसेल. आणि एक सांगायचंय. आमच्या हातात नसतं म्हणालो ते खोटं होतं. आजचा पडदा मीच लावला होता. आधीच एक मेल केला असता तर दिसला असता सामना."

त्यांनी मागचा एक्झॉस्ट फॅन बंद केला.

"हे सांगायला फोन केलात?"

"हो."

"बरं. फायनलला लावू नका म्हणजे झालं."

फायनल झाल्यावर मला त्यांची व्हॉइस नोट आली. "भाऊ, दिसलं हो सगळं, अगदी स्वच्छ. दुसऱ्याच बॉलला बोल्ड झाली आमची. हरलो. पण रात्री फोनवर 'आय वॉज अनलकी, आई' म्हणायला लागली ना, तर मी म्हटलं, अनलकी नाही गं, पायच हलला नाही तुझा. मी बघत होते."

आता सामन्याच्या आधी मी परवानगीचा मेल टाकतो. बहुतेकदा हो येतं.

सेमीफायनल मात्र ताईंनी अजून पाहिलेली नाही. रिप्लेचे हक्क वेगळे असतात. तेही विचारलंय.