सात जणांचं उक्तं काम

नाशिक कार्यालयातील वरिष्ठ संघप्रमुख श्रीमती हर्षाली बहिरू बोरस्ते यांनी आपल्या अधिपत्याखालील सात अभियंत्यांचे मनोबल उंचावून उत्पादकतेत लक्षणीय वाढ घडवून आणली. सबब त्यांना प्रेरणादायी नेतृत्वाचे हे मानपत्र प्रदान करण्यात येत आहे.

साध्या मराठीत सांगायचं तर, हर्षालीची माणसं टिकत नव्हती. नाशिकच्या पोराला सॉफ्टवेअर जरा जमू लागलं की पुण्याहून फोन येतो. हजेरी तासांवर होती, म्हणून सगळे अंधार पडेपर्यंत खुर्च्या धरून बसत. काम तिथल्या तिथंच. हर्षालीनं रूढ उपाय सगळे केले. केक कापले, भिंतीवर स्फूर्तिदायक वाक्यं लावली, ‘आपण एक कुटुंब आहोत’ असंही एकदा बोलून पाहिलं. त्याच आठवड्यात आणखी एक जण गेला. उरले सात.

रविवारी ती माहेरी, पिंपळगावला गेली. द्राक्षांची छाटणी चालू होती, आणि भर दुपारीच मजुरांची टोळी घरी निघालेली.

“दादा, एवढ्यात सुटी?”

“उक्तं दिलंय,” वडील म्हणाले. “एवढ्या ओळी छाटा, पैसे घ्या, घरी जा. रोजानं लावले का सूर्याकडंच पाहत बसतात लेकाचे.”

सोमवारी हर्षालीनं ऑफिसात तेच केलं. आपला वाटा संपवा, तपासून द्या, घरी जा.

“मॅडम, तीनला निघालं तर चालेल?” जीवननं विचारलं.

“काम झालं असेल तर दोनला जा.”

“आईशप्पथ! मग पुण्याला कोण मरायला जातंय?”

आणि हातात आलेली पुण्याची नोकरी त्यानं खरोखरच नाकारली. वेदिका दुपारी पोहायला जाऊ लागली. डिसेंबरचं काम नोव्हेंबर उजाडण्याआधी संपलं. हे सात जण राहावेत, एवढंच हर्षालीला हवं होतं.

मुख्यालयातून आल्हाद सर न कळवता मानपत्र घेऊन आले, तेव्हा दुपारचे चार वाजले होते. सगळ्या खुर्च्या रिकाम्या.

“संप आहे का?” त्यांचा आवाज चिरकला.

“नाही सर. काम संपलं.” हर्षालीनं अभिमानानं सगळं दाखवलं.

“म्हणजे हे लोक अर्धाच दिवस काम करतात?”

“अर्ध्या दिवसात दुप्पट करतात, सर.”

“तेच म्हणतोय. मग सात कशाला?”

हर्षाली हसली. तिला तो विनोद वाटला. संध्याकाळी मेल आला: चौघे कमी करावेत, नावं संघप्रमुखांनी कळवावीत. तो तिनं पुन्हा पुन्हा वाचला. मग वडिलांना फोन लावला.

“दादा, टोळीचं काम लवकर उरकलं तर पुढं काय करतात ते?”

“दुसऱ्याच्या बागंत जातात. का गं?”

तिनं फोन ठेवला आणि चार नावं कळवली.

चौघांत जीवन होता. “मॅडम, मी पुण्याला नाही म्हणून बसलोय,” एवढंच तो म्हणत राहिला, जणू तिनं ते नीट ऐकलं नसावं. राहिलेल्या तिघांनी ताबडतोब सावकाश काम सुरू केलं आणि संक्रांतीच्या आत पुणं गाठलं.

हर्षाली आजही वरिष्ठ संघप्रमुख आहे. संघात दुसरं कोणी नाही.