बंदूक ठाण्यात, माणूस उसात

सोमवारी दुपारी आई उसात गवत काढायला गेली. बिबट्याने तिला मानेला धरून आत नेलं. माझा भाऊ सतीश बांधावर होता. आप्पा घरी होते. आप्पांची बंदूक पोलीस ठाण्यात होती.

आप्पा म्हणजे आमचे वडील. सांगली जिल्ह्यातल्या कुंडलच्या अलीकडे आमचं गाव. तिथे घरटी एक माणूस फौजेत असतो, तसे तेही होते. त्यांची बहुतेक नोकरी फायरिंग रेंजवर गेली. नव्या भरतीच्या पोरांना नेम धरायला शिकवायचं काम. पोरं त्यांना ‘उस्ताद’ म्हणत. हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी परवाना काढून बारा बोरची दुनळी बंदूक घेतली आणि काही वर्षं साखर कारखान्याच्या गेटवर पहारा केला. त्यामुळे गावाची समजूत अशी की, या माणसाचा बंदुकीवर फार जीव असणार.

प्रत्यक्षात बंदुकीवर आणि त्याहून जास्त बंदूक विकणाऱ्यांवर इतका अविश्वास असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. कुणी कशाचीही तारीफ केली, की आप्पा मान थोडी तिरकी करून विचारत, “सोता करून बघितलंस का?” उसाचं नवं बेणं असो, गुडघेदुखीचं तेल असो, त्यांचा प्रश्न तोच. समोरचा म्हणे, “न्हाई, पर सांगत्यात की.” मग आप्पा तो विषयच सोडून देत.

आमचा चुलतभाऊ बाळू एकदा मोबाइलवरून मागवलेली छऱ्यांची एअरगन घेऊन आला. तिच्यावर दुर्बीण. अंगात फौजी छापाचं जाकीट, खिशांना झाकणं, झाकणांना बटणं. “आप्पा, लय पावरफुल हाय. शंभर मीटर लिवलंय खोक्यावर.”

“लिवणाऱ्यानं शंभर लिवलंय. मारणारा किती म्हनतोय?”

“आजून मारली न्हाई. आधी तुमास्नी दावायला आणली.”

“आन ह्ये जाकीट?”

“नेम स्थिर ऱ्हातोय म्हणं ह्यानं.”

“आरं गड्या, जाकिटानं नेम बसत असता तर आमच्या पलटणीचा शिंपी सुबेदार झाला असता.” आई सोप्यात बसून शेंगा फोडत होती. ती इतकी हसली की तिचं सूप कलंडलं.

रात्री जेवताना ते सांगत, “इकणाऱ्याची बंदूक कवाच चुकत न्हाई बघ. चुकतोय त्यो घेणारा. म्हंजे माल बी त्येंचा खपला आन दोष बी आपल्याच माथ्यावर.” आवाज मोठा म्हणजे बंदूक भारी, असं म्हणणारा माणूस फटाके विकायच्या लायकीचा, हेही त्यांचंच. मी साताऱ्यात एका वाचनालयात काम करते. पुस्तकांच्या मलपृष्ठावरची स्तुती वाचताना मला आजही त्यांची तिरकी मान दिसते.

निवडणूक आली, की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. निकाल लागल्यावर लोक त्या परत आणतात. एका निवडणुकीनंतर आप्पा गेलेच नाहीत. आईने विचारलं, “आवं, बंदूक आणायची न्हाई व्हय?”

“ऱ्हाऊ दे. तिथं तिला पहारा हाय.”

खरं कारण त्यांनी फक्त आईला सांगितलं होतं आणि आईने मला. बांधावरून शेजाऱ्याशी बोलाचाली झाली होती. तो दारात येऊन ओरडत असताना आप्पांची नजर भिंतीवरच्या बंदुकीकडे गेली होती. “उत्तर द्याच्या आदी नजर गेली माझी तिकडं,” ते आईला म्हणाले होते. “पोरांला शिकवून शिकवून हात माझा निबर झालाय. मला भ्या वाटलं गं.” पुढे त्यांनी परवानाही परत करतो म्हणून कळवून टाकलं. आईला बरं वाटलं होतं.

त्यानंतर आमच्या भागातल्या उसात बिबटे दिसू लागले. आधी कुत्री गेली, मग शेळ्या. लोक आप्पांकडे येऊन बंदूक आणा म्हणून मागे लागले. आप्पा सांगत, “उसात हातभर लांबचं दिसत न्हाई. कुणावर मारू? एकट्यानं जाऊ नगासा, वाकून काम करताना पाठीला मानूस ठेवा, बोलत ऱ्हावा.” त्या सोमवारी आईच्या सोबतीची बाई पाणी आणायला विहिरीकडे गेली होती.

दिवसांचं कार्य झालं आणि गाव बोलायला मोकळं झालं. तोंडावर कुणी काही म्हणालं नाही. पण मी रजा वाढवून गावीच राहिले होते, आणि पारावरून जाताना मी स्वतः ऐकलं, “उस्ताद म्हनं. बंदूक ठाण्यात आन मानूस उसात!” कुणीतरी हसलंसुद्धा. सतीशने आप्पांशी बोलणं टाकलं. ताट पुढे करायचा, पण शब्द नाही. एके दिवशी मात्र उभ्याउभ्याच म्हणाला, “मी परवान्याला अर्ज केलाय. सांगलीला दुकानात जाऊन बंदूक बघून येणाराय. गावल त्या दिशी उसात घुसणार.”

आप्पा उठले, टोपी घातली. “मी बी येतो.”

मीही गेले. दुकानातला विक्रेता सतीशच्याच वयाचा होता. त्याने आमचं गाव विचारलं आणि लगेच चेहरा गंभीर केला. “दादा, ही घ्या. शेतकऱ्यांसाठीच काढली आहे. ही घरात आली की बिबट्याचा विषय संपला.”

“तू मारलायस का बिबट्या?” आप्पांनी विचारलं.

“काका, बिबट्या मारणं गुन्हा आहे.”

“मग विषय संपतोय ह्ये कुनी सांगिटलं?”

“कंपनीनं.”

“कंपनीनं मारलाय?”

विक्रेता हसला. सतीश हसला नाही. तो आप्पांकडे वळून दुकानातच ओरडला, “तुमी काय मारलंसा? तुमचं नुस्तं प्रश्न! आई गेली माझी, तरी तुमचं प्रश्न संपंनात!” आप्पा बाहेर येऊन दुकानाच्या पायरीवर बसले. परतताना एसटीत ते खिडकीकडे तोंड करून होते. तासगावच्या मित्राला फोन लावून एवढंच म्हणाले, “रविवारी तुझी बंदूक घेऊन ये. खाणीवर.”

हा मित्र फौजेतलाच, आता द्राक्षबागायतदार. त्याच्याकडे परवान्याची दुनळी होती. गावाबाहेर दगडाची एक बंद पडलेली खाण आहे. आप्पांनी तिथे दोन बांबू रोवले आणि त्यांना आईचं एक रोजचं लुगडं ताणून बांधलं. मी म्हणाले, “आप्पा, दुसरं काहीतरी घ्या.” त्यांनी ऐकलं नाही. कोळशाने त्यांनी लुगड्यावर वाकून गवत काढणारी बाई काढली. मग तिच्या पाठीवर चढलेलं जनावर. चित्र चांगलं नव्हतं. पण आई विळा धरताना डावा पाय पुढे टाकायची, तो पाय त्यांनी बरोबर काढला होता.

“तू बांधावर कुठं हुतास?” त्यांनी सतीशला विचारलं. सतीश मागे जात जात थांबला. “हितं.”

“मार.”

सतीशने बंदूक खांद्याला लावली. बराच वेळ तो तसाच उभा होता. मग त्याने नळी खाली केली. “मला न्हाई जमत, आप्पा.”

“आरं, ह्ये तर चित्र हाय. हलत न्हाई. वरडत न्हाई.”

आप्पांनी बंदूक हातात घेतली. पाय रोवले, श्वास सोडला. फौजेतला माणूस क्षणभर दिसला आणि बार झाला. आम्ही जवळ गेलो. छर्रे पसरून जनावराच्या अंगात बसले होते. बाईच्या मानेत आणि पाठीतही बसले होते. आप्पांनी पुन्हा बार काढला, आणखी वरचा नेम धरून. तेच झालं. ते लुगड्यापाशी आले आणि एकेका भोकावर बोट ठेवत गेले. मला तेव्हा कळलं, की ते सतीशला काही दाखवत नव्हते. ते स्वतःलाच विचारत होते, इतके दिवस, एकटेच.

सतीश खाली बसला. रडत म्हणाला, “मग काय कराय पायजे हुतं?”

तासगावचे काका बिचारे आमच्या दुःखानेच बोलले, “नुस्ता वर बार काढला असता तरी... आवाजानं सोडून पळालं असतं जनावर...” आणि आपण काय बोललो हे कळून बंदूक आवरायला लागले.

“व्हय,” आप्पा म्हणाले. “आवाजानं पळालं असतं.” मग लुगड्याची गाठ सोडताना, “पळालं असतं का?” हा प्रश्न त्यांनी कुणालाच उद्देशून विचारला नव्हता.

त्या दिवसानंतर सतीश त्यांच्याशी बोलू लागला. पण आप्पांचं बोलणं आटलं. बाळूने कुठल्याशा नव्या पिस्तुलाचा व्हिडिओ दाखवला, तर ते “आसंल बाबा, चांगलं आसंल” म्हणाले. ते ऐकून मला घाबरायला झालं. रोज सकाळी ते गवताला जाणाऱ्या बायकांबरोबर जात. बायका वाकल्या, की त्यांच्याकडे पाठ करून, उसाकडे तोंड करून उभे राहत आणि डबा बडवत. “आप्पा, कान गेलं की आमचं, बसा आता जरा,” बायका म्हणत. ते बसत नसत. एक दिवस मात्र उन्हातून आले, सोप्यात टेकले, मला हाक मारली. मी पाणी घेऊन गेले तोवर सगळं संपलं होतं. तोंड धुवायलाही त्यांना वेळ मिळाला नाही.

सतीशने बंदूक घेतली नाही. अर्जाचं विचारायला तो पुन्हा गेला नाही. आमच्या बायका आता चौघीचौघींनी गवताला जातात, आणि सतीश त्यांच्या पाठीमागे उभा राहतो. बिबट्या सापडलेला नाही. आवाजाने तो पळाला असता की नाही, हे आम्हाला माहीत नाही.