दुकानाचा कोट

चौक गावच्या नाक्यावर, जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला, एका गॅरेजला लागून सुमितचं दुकान आहे. पाटीवर 'पौर्णिमा ग्राफिक्स' असं लिहिलंय. पौर्णिमा म्हणजे बायको. लग्न आणि दुकान एकाच वर्षी झालं, त्याला आता अठरा वर्षं झाली, आणि दोन्ही ठिकाणी सुमितने आजवर कोणाला 'नाही' म्हटलेलं नाही. लग्नपत्रिका, वाढदिवसाचा फ्लेक्स, क्रिकेट सामन्यांची प्रमाणपत्रं, धाब्याचं मेन्यूकार्ड, जे येईल ते तो करून देतो. 'उद्या सकाळी मिळेल' हे वाक्य त्याच्या तोंडात इतकं बसलंय की किती वाजले असं विचारलं तरी तो तेच सांगेल.

तालुक्यात त्याचं नाव झालं मात्र कोटामुळे. दुकान उघडलं तेव्हा त्याने पनवेलहून एक सीडी आणली होती. तिच्यात नुसत्या कपड्यांचे फोटो होते, आत माणसं नव्हती. त्यातला एक काळा कोट, आत पांढरा सदरा आणि लाल टाय, त्याच्या मनात भरला. कुणी वारलेल्या वडिलांचा रेशनकार्डावरचा फोटो घेऊन आलं की सुमित चेहरा कापायचा आणि त्या कोटावर बसवायचा. फ्रेम हातात घेतली की माणसांचे डोळे भरून यायचे. बापाला जन्मात कोट मिळाला नाही, भिंतीवर तरी मिळाला, एवढं समाधान त्यांना पुरायचं. सुमितला एकच धास्ती होती. एका घरात दोन फ्रेमा शेजारी लागल्या आणि कुणाच्या लक्षात आलं, तर? अठरा वर्षांत अर्ध्या तालुक्याने तो कोट घातला होता. गोष्ट त्याने बायकोलाही सांगितली नव्हती.

यंदा वैशाखात जवळच्या बौद्धवाडीतल्या विहाराला पन्नास वर्षं झाली. वाडीतल्या अकरा जणांनी नदीतले दगड डोक्या-खांद्यावरून आणून तो बांधला होता. त्या अकरांपैकी आता एकही उरला नव्हता, म्हणून समितीने स्मरणिका काढायचं ठरवलं. अठ्ठेचाळीस पानं आणि प्रत्येकाला एक पान. अकरा जणांना ओळीने बसवायचं नाही, असं समितीने बजावलं होतं, कारण पहिला कोण आणि शेवटचा कोण यावरून घरोघरी रुसवे झाले असते. त्यामुळे तीन-चार पानं मजकूर, मग एक माणूस, परत मजकूर, परत माणूस, अशी मांडणी झाली. बुद्धपौर्णिमा परवावर आली होती. खोपोलीच्या छापखान्यातल्या विपुलने स्पष्ट सांगितलं होतं की आज चार वाजेपर्यंत फाइल आली तर पुस्तक वेळेवर मिळेल, नाहीतर यंत्रावर दुसरं काम चढेल.

सकाळी दहाला भीमाबाई रिक्षाने आली. वय शहात्तर, अंगाने काटकुळी, आवाज मात्र रस्त्यापलीकडे जाईल असा. अकरांपैकी काळूराम तिचा नवरा. पुस्तक छापायला गेलेलं आपल्या डोळ्यांनी बघायचं म्हणून ती प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली आणि पिशवी मांडीवर घेतली. ती ठाण मांडून बसलेली पाहून सुमितने चहा मागवला आणि ऐटीत बटण दाबलं. पानांची पीडीएफ झाली की ती छापखान्याला पाठवायची, पाच मिनिटांचं काम. पडद्यावरची पट्टी सरकत सरकत त्रेसष्ट टक्क्यांवर गेली, तिथे जरा थबकली, आणि सॉफ्टवेअर गपकन बंद पडलं.

सुमितने परत उघडलं. परत त्रेसष्ट, परत बंद. मग त्याने जे जे करतात ते सगळं केलं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. फाइल नव्या नावाने ठेवली. पेन ड्राइव्हवरची चित्रं आतल्या डिस्कवर घेतली. फाँट बदलून पाहिले. यूट्यूबवरच्या एका माणसाने हिंदीत सांगितल्याप्रमाणे सॉफ्टवेअरच्या जुन्या सेटिंगा पुसल्या. कॉम्प्युटरला प्रेमाने समजावलं, आणि भीमाबाई रस्त्याकडे बघतेय असं पाहून डब्यावर एक थापटही दिली. पट्टी त्रेसष्टवरून हलेना. साडेबारा वाजले होते आणि चहाचे चार कप झाले होते.

मग त्याला शेजारच्या गॅरेजवाल्या पदूची पद्धत आठवली. टेंपोच्या वायरिंगमध्ये बिघाड असला की पदू वायर मधोमध सोडतो, कुठल्या अर्ध्यात दोष आहे ते बघतो, मग त्या अर्ध्याचे अर्धे करतो. सुमितने तेच केलं. पहिली चोवीस पानं पाठवून पाहिली, बंद पडलं. म्हणजे दोष पहिल्या अर्ध्यात, असं म्हणत त्याने खुशीत दुसरी चोवीस पाठवली, तर तीही बंद पडली. इथे सुमितने हात टेकले. दोष दोन्हीकडे आहे म्हणजे पानात काही नाही, कॉम्प्युटरच गेला, असं त्याला वाटलं. अठरा वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी नाही म्हणावं लागणार, आणि तेही या म्हातारीला.

तरी चिकाटीने त्याने एकेक पान वेगळं पाठवून पाहिलं. एक गेलं, दोन गेलं, तीन गेलं, चार अडलं. पुढची तीन गेली, आठ अडलं. शेवटी कागदावर अडलेल्या पानांची यादी झाली, बरोबर अकरा पानं. ती अकरा कोणाची हे त्याला लगेच कळलं, पण त्यांत खटकण्यासारखं काही सापडेना. फोटो वेगवेगळे, काही जुने, काही मोबाइलवरचे, एक मतदार ओळखपत्रावरचा. मजकूर वेगळा, पान वेगळं. तो ती पानं एकामागून एक मोठी करून डोळे फाडून वाचत बसला. भीमाबाई आता खुर्ची ओढून त्याच्या मागे आली होती. तिला अक्षरओळख नव्हती, त्यामुळे ती मजकुरात गुंतलीच नाही. ती माणसं बघत होती.

"सुमित," ती म्हणाली, "ह्या सगळ्यांनी एकच कोट घातलाय रं."

कोट. आजवर प्रत्येक फोटोत तो चेहरा कोटाला चिकटवून, एकजीव करून पानावर ठेवायचा. यंदा मात्र शहाणपण सुचलं होतं. चेहरा वेगळा आणि कोट वेगळा असा ठेवला, म्हणजे काही फेरफार करायचा झाला तर कोट एकदाच बदलला की अकरा ठिकाणी बदलेल. आणि ती कोटाची फाइल अठरा वर्षं या कॉम्प्युटरवरून त्या कॉम्प्युटरवर, या पेन ड्राइव्हवरून त्या पेन ड्राइव्हवर फिरून आतून पार विटली होती. पडद्यावर दिसायला झकास, पण त्रेसष्ट टक्क्यांवर सॉफ्टवेअर चित्रं छपाईसाठी पिळायला घ्यायचं तेव्हा फाटायची. त्याने एका पानावरून कोट काढला आणि पान पाठवलं. चुटकीसरशी गेलं.

दोष सापडल्याचा आनंद त्याला व्हायला हवा होता, पण मान वर करवेना. अठरा वर्षं लपवलेली गोष्ट म्हातारीने एका नजरेत पकडली होती. तो चाचरत सांगू लागला की कोट एकच आहे, सगळ्यांना तोच देतो, कुणाला फसवायचा हेतू नव्हता, राग मानू नका. भीमाबाईने त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही.

"आमच्या वाडीत चांगला सदरा एकच व्हता," ती म्हणाली. "ज्याला खालापूरला कचेरीत जायचं, तो घालून जायचा. परत आला की धुवायचा न् पुढच्याच्या दारात नेऊन द्यायचा. आमाला कदी लाज नाय वाटली. तुला कशाला वाटतीय?"

सुमितच्या छातीवरचा धोंडा उतरला. दीड वाजला होता. आता कोट न घालताच फोटो छापू, असं त्याने सुचवून पाहिलं. काळूरामचा मूळ फोटो बनियनवरचा होता, तरी माणूस छान दिसत होता. भीमाबाईने साफ नाही म्हटलं. विहार बांधणारा माणूस पुस्तकात बनियनवर जाणार नाही, आणि बाकीचे दहाही नाही. जुनी सीडी शोधावी तर तिच्यावर कधीचे ओरखडे पडलेले. इंटरनेटवर कोट ढिगाने होते, पण सगळे परदेशी पोरांचे, बारीक मानेचे. काळूरामची मान दगड वाहून वाहून चांगली जाडजूड झालेली, ती कुठल्याच कॉलरीत मावेना.

"तुझ्याकडं कोट नाय?" भीमाबाईने विचारलं.

होता की. लग्नातला, काळाच. सुमितने पौर्णिमाला फोन लावला. ती पंधरा मिनिटांत स्कूटीवरून आली, पिशवीत कोट आणि कोटाला डांबरगोळ्यांचा वास. अठरा वर्षांत कोट होता तेवढाच राहिला होता, सुमित मात्र चहूबाजूंनी वाढला होता. बटणं काही लागेनात. शेवटी पौर्णिमाने पाठीमागची शिवण उसवली, पुढून बटणं लावली आणि मागचं भगदाड पदूच्या गॅरेजमधल्या दोन चिमट्यांनी धरून ठेवलं. दुकानाबाहेर एक फ्लेक्स उलटा, पांढरी बाजू पुढे करून टांगला. वैशाखाच्या भर उन्हात, टाय बांधून, घामाने निथळत सुमित त्याच्यासमोर उभा राहिला. ट्रकवाले हॉर्न वाजवून जात होते. पौर्णिमाने मोबाइल धरला खरा, पण तिला हसू आवरेना.

भीमाबाई मात्र हसत नव्हती. ती फ्लेक्सच्या बाजूला उभी राहून त्याला नीट निरखत होती. अजून सरळ, म्हणाली. छाती पुढे. मग तिने मान हलवली. एवढं ताठ नको.

"डावा खांदा जरा खाली घे," ती म्हणाली. "यांचा तसाच व्हता. वजन त्याच खांद्यावर घ्यायचे."

सुमितने खांदा खाली घेतला. भीमाबाई क्षणभर बघत राहिली, आणि मग पौर्णिमाला म्हणाली, काढ.

तीनला सुमित कोट अंगावर तसाच ठेवून परत कॉम्प्युटरसमोर बसला. नवा कोट कापला, जुन्याच्या जागी ठेवला, आणि यंदाचं शहाणपण कामी आलं. एका ठिकाणी बदलला आणि अकरा जणांच्या अंगावर चढला. कुणाच्या कॉलरी खाली-वर केल्या, कुणाची मान थोडी पुढे आणली. काळूरामच्या पानावर काही करावंच लागलं नाही, कोट त्याला मापाने शिवल्यासारखा बसला. पावणेचारला बटण दाबलं. पट्टी त्रेसष्टवर आली तेव्हा तिघांनी श्वास धरला होता. ती चौसष्टवर गेली आणि पुढे सुसाट सुटली. चारला पाच मिनिटं असताना विपुलचा फोन आला की फाइल मिळाली, सगळी पानं उघडतायत. पौर्णिमाने सुमितच्या पाठीवर थाप मारली ती नेमकी चिमट्यावर बसली.

बुद्धपौर्णिमेला विहार माणसांनी भरला होता. पौर्णिमाने शिवण पुन्हा घालून, बाजूने जरा सैल करून, सुमितला तोच कोट घालायला लावला. वंदना झाली, स्मरणिका वाटली गेली आणि पानं उलटू लागली. वाडीतल्या माणसांना वेळ लागला नाही. कुणीतरी पुस्तकाकडे बघितलं, मग सुमितकडे बघितलं आणि मोठ्याने म्हणालं, हा बघा बारावा. सगळे हसले, सुमितही हसला. अठरा वर्षांची धास्ती अशी हशात संपली, आणि त्याला फार हलकं वाटलं. दोघेजण तर तिथल्या तिथे येऊन विचारून गेले की आमच्या बापाच्या फ्रेमलाही हाच नवा कोट बसेल का. सुमित म्हणाला, उद्या सकाळी मिळेल.

भीमाबाई पुढच्या ओळीत सतरंजीवर बसली होती. काळूरामचं पान तिने मांडीवर उघडं ठेवलं होतं. तिने सुमितला खुणेने जवळ बोलावलं. तो खाली बसल्यावर तिने त्याच्या कोटाची बाही चिमटीत धरून कापड पाहिलं.

"तो सदरा सांगितला ना तुला," ती हळू म्हणाली, "तो यांच्याच लग्नातला व्हता. सगळ्या वाडीला घालायला दिला यांनी. यांना देणारा तू पयला."

सुमित तिच्या शेजारी तसाच बसून राहिला, डावा खांदा जरा खाली घेऊन.